आकड्यापुढची चांदणी

दिवाळीत आपण चोपडीची पूजा करतो. वर्षभराचा जमाखर्च ज्या कागदावर उतरला, त्याला हळदकुंकू वाहतो. खेळालाही अशीच एक चोपडी असते. तिला धावफलक म्हणतात. सामना संपतो, टाळ्या विरतात, खेळणारे म्हातारे होतात, आणि मागे उरतो तो हा कागद. त्या चोपडीतले एक जुने पान आज वाचकांपुढे उघडायचे आहे.

हे पान पुण्याचे. १९४८ सालच्या डिसेंबरात, १६ ते १८ या तारखांना, रणजी करंडकासाठी महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना तेथे झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्याला महाराष्ट्राचे उत्तर पाहा : ४ बाद ८२६! त्यांत भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ आणि कमल भांडारकर २०५. या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली.

आता हे आकडे जरा सावकाश वाचू. निंबाळकर ४९४ मिनिटे, म्हणजे सव्वाआठ तासांना एकच मिनिट कमी, खेळपट्टीवर उभे होते. त्यांनी ४९ चौकार मारले आणि षटकार अवघा एक. म्हणजे सीमापार गेलेल्या फटक्यांच्या धावा झाल्या २०२. उरलेल्या २४१ त्यांनी पायांनी पळून काढल्या. काठियावाडच्या साऱ्या संघाने मिळून जेवढ्या धावा केल्या, त्याहून तीन अधिक धावा या एका माणसाने नुसत्या पळून जमवल्या! शिवाय जोडीदाराच्या धावांसाठी केलेली धावपळ वेगळीच. तिची नोंद कोणत्याच रकान्यात नसते. कोल्हापूरच्या या गड्याला एकोणतीस वर्षे पुरी होऊन तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

त्या काळी जगातला सर्वांत मोठा वैयक्तिक डाव होता डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. १९३० च्या जानेवारीत सिडनीला खेळलेला. निंबाळकरांना बरोबरीसाठी नऊ धावा हव्या होत्या, पुढे जाण्यासाठी दहा. चौकार ओळखीचे झालेल्या त्या हातांना दहा धावांचे ते काय मोल?

पण त्या धावा झाल्याच नाहीत. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या गोलंदाजांवर असला जागतिक उच्चांक व्हावा, हे त्यांना रुचले नाही. मधल्या सुट्टीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. आणखी काही षटके तरी खेळू द्या, अशी विनवणी झाली; ती व्यर्थ गेली. सामना सोडून दिला गेला आणि महाराष्ट्र विजयी ठरला. नियमाने पाहिले तर ठाकोरसाहेबांचे काही चुकले नाही. सामना हातचा गेलाच होता, आणि तो सोडून देण्याची मुभा क्रिकेटच्या कायद्यात आजही आहे.

प्रतिपक्षाने खेळच नाकारला, असा प्रकार इतरत्रही घडला आहे. फक्त त्याची तऱ्हा निराळी. १९५० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनिॲपोलिस येथे बास्केटबॉलच्या दोन धंदेवाईक संघांचा सामना झाला. यजमान संघात जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा खेळाडू. त्याच्यापुढे आपला निभाव लागायचा नाही, हे ओळखून फोर्ट वेनच्या पाहुण्यांनी चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला. प्रेक्षक चिडले, पण फोर्ट वेनने तो सामना १९ विरुद्ध १८ असा जिंकला. हरलेल्यांच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे! त्या संघांच्या लीगच्या इतिहासात एवढे थोडके गुण झालेला दुसरा सामना नाही. असल्या कंटाळवाण्या सामन्यांपासून धडा घेऊन १९५४ मध्ये तेथे नियम आला : चोवीस सेकंदांच्या आत चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे. मायकनच्या वाट्याचे दुःख नियमाच्या पुस्तकात शिरले. निंबाळकरांचे नुसते आठवणीत राहिले.

कोणी म्हणेल, त्या काळी पुण्यात धावा स्वस्तच होत्या. त्यात तथ्य आहे. त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात उपांत्य सामना झाला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा! एवढ्या धावांचा प्रथम दर्जाचा सामना जगात दुसरा झालेला नाही. तरीही त्या धावांच्या पुरातसुद्धा चारशेचा आकडा कोणी गाठला नाही, हे विसरून चालायचे नाही.

या धावफलकावरचा आणखी एक शब्द वाचण्याजोगा आहे : 'महाराष्ट्र'. तेव्हा या नावाचे राज्यच नव्हते. बीड जिल्ह्यातले, परळीच्या रेल्वेमार्गावरचे घाटनांदूर घ्या. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाले, त्याला तेव्हा तीनच महिने लोटले होते. घाटनांदूरच्या माणसाचे राज्य हैदराबाद, आणि रणजीतला संघही हैदराबादच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा पुण्याचे ते ४४३ घाटनांदूरच्याही मालकीचे झाले. नकाशाच्या आधी धावफलकावर उमटलेले नाव ते हेच.

ब्रॅडमनचा उच्चांक अखेर १९५९ च्या जानेवारीत हनीफ महंमदने ४९९ धावा काढून मोडला, आणि १९९४ मध्ये ब्रायन लारा नाबाद ५०१ पर्यंत गेला. ठाकोरसाहेबांनी दोन षटके दिली असती, तर मधली दहा वर्षे तो मान एका मराठी माणसाकडे राहिला असता. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ४४३ हा भारतीयाचा सर्वोच्च डाव मात्र आजही तोच आहे. निंबाळकर पुढे होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले. पण कसोटी सामना त्यांच्या नशिबी एकही आला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. तेथेही एक उंबरठा राहिलाच.

नाबाद खेळाडूच्या आकड्यापुढे धावफलकावर एक चांदणी काढतात. गोलंदाज याला बाद करू शकले नाहीत, एवढाच तिचा अर्थ. पुण्याच्या त्या पानावर मात्र तिला आणखी एक अर्थ आहे : हा माणूस थकला नव्हता, थांबला नव्हता, समोरचे उठून गेले होते. चोपडीत त्यासाठी वेगळे चिन्ह नाही. वाचणाऱ्याने ते स्वतः समजून घ्यायचे असते.