उच्च विशालनाची द्विनेत्री दुर्बीण

उच्च विशालनाची द्विनेत्री दुर्बीण म्हणजे साधारणतः १० पट किंवा त्याहून अधिक विशालन असलेली आणि दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी पाहता येणारी दुर्बीण होय. पक्षिनिरीक्षण, वन्यजीव गणना, गिर्यारोहण, आकाशदर्शन आणि ज्या देशांत कायद्याने परवानगी आहे तेथे शिकार यांसाठी तिचा उपयोग होतो. विशालन जितके जास्त तितकी दुर्बीण चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र अरुंद होते, हाताचा कंप अधिक जाणवतो आणि वस्तुभिंगाचा व्यास तेवढाच राहिल्यास प्रतिमा अंधूक होते. त्यामुळे निवड करताना सर्व घटकांचा एकत्रित विचार करावा लागतो.

इतिहास

१६०८ मध्ये नेदरलँड्समधील हान्स लिपरशे यांनी दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण तयार करण्यास त्यांना सांगण्यात आले होते. त्यानंतरच्या काळातील गॅलिलीय रचनेच्या जोडदुर्बिणींचे विशालन कमी व दृष्टिक्षेत्र लहान असे. नाट्यगृहात वापरल्या जाणाऱ्या छोट्या दुर्बिणी याच प्रकारच्या होत्या. इटलीतील इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा सुलट करणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. जर्मनीत एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली कार्ल झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकयुक्त द्विनेत्री दुर्बिणी बाजारात आणल्या. १९३५ मध्ये याच कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावरील परावर्तनरोधी लेपाची पद्धत शोधली. १९९० च्या दशकात प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणी सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागल्या.

रचना

दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत पुढे वस्तुभिंग, मध्ये लोलक आणि डोळ्याजवळ नेत्रिका असते. वस्तुभिंगामुळे तयार होणारी उलटी प्रतिमा लोलक सुलट करतात. लोलकांच्या मांडणीवरून दोन मुख्य प्रकार पडतात. पोरो लोलकाच्या दुर्बिणीत वस्तुभिंग व नेत्रिका एका रेषेत नसतात, त्यामुळे ती रुंद दिसते. रूफ लोलकाच्या दुर्बिणीच्या नळ्या सरळ असतात. ती सुटसुटीत व बळकट असते, परंतु तिच्या निर्मितीत अधिक अचूकता लागते. म्हणून कमी किमतीच्या गटात पोरो रचनेची दुर्बीण पुष्कळदा तुलनेने चांगली प्रतिमा देते.

अंकांचा अर्थ

दुर्बिणीवर १०×४२ असे अंक लिहिलेले असतात. त्यांतील पहिला अंक विशालन दर्शवतो. १०×४२ मधून १,००० मीटरवरील प्राणी उघड्या डोळ्यांना १०० मीटरवर दिसेल तेवढा मोठा दिसतो. दुसरा अंक वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो.

व्यासाला विशालनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. त्यास एक्झिट प्युपिल म्हणतात. मानवी डोळ्याची बाहुली उजेडात सुमारे २ ते ३ मिमी आणि अंधारात तरुणपणी सुमारे ७ मिमीपर्यंत विस्फारते. वयानुसार ही मर्यादा कमी होत जाते. भर दुपारी २.५ मिमीचा झोत पुरेसा ठरतो, पण संध्याकाळी हीच दुर्बीण अंधूक वाटते.

विशालन व व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे संधिप्रकाश घटक होय. मंद प्रकाशात तपशील किती दिसू शकेल याचा तो ढोबळ अंदाज देतो. मात्र काचेची व लेपाची गुणवत्ता त्यात धरलेली नसते.

| प्रकार | एक्झिट प्युपिल (मिमी) | संधिप्रकाश घटक | वापराची नेहमीची पद्धत |
|---|---|---|---|
| ८×४२ | ५.३ | १८.३ | हातात धरून |
| ८×५६ | ७.० | २१.२ | हातात धरून, मचाणावरून |
| १०×४२ | ४.२ | २०.५ | हातात धरून |
| १२×५० | ४.२ | २४.५ | टेकू देऊन किंवा ट्रायपॉडवर |
| १५×५६ | ३.७ | २९.० | ट्रायपॉडवर |
| २०×८० | ४.० | ४०.० | ट्रायपॉडवर |

उच्च विशालनाच्या मर्यादा

दुर्बीण प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. बहुतेक व्यक्तींना १० पटींपर्यंतची दुर्बीण हातात स्थिर धरता येते. १२ पटींच्या पुढे ट्रायपॉड, खडक किंवा झाडाचा आधार घ्यावा लागतो. हातात हलणाऱ्या १५ पट दुर्बिणीपेक्षा स्थिर धरलेल्या ८ पट दुर्बिणीतून अनेकदा अधिक तपशील दिसतो. प्रतिमा स्थिरीकरणाची सोय असलेल्या दुर्बिणीत ही अडचण बरीच कमी होते, मात्र वजन व किंमत वाढते आणि बॅटरीवर अवलंबून राहावे लागते.

विशालन वाढल्यावर दृष्टिक्षेत्रही घटते. १०×४२ दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र १,००० मीटर अंतरावर साधारणतः ११० मीटर रुंद असते. १५×५६ मध्ये ते सुमारे ७५ ते ८० मीटर उरते. परिणामी उडणारा पक्षी किंवा झाडीतून पळणारे जनावर दुर्बिणीत पकडणे कठीण जाते.

तिसरी मर्यादा वातावरणाची आहे. तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेमुळे दूरची प्रतिमा थरथरते. उन्हाळ्यातील दुपारी माळरानावर अथवा वाळवंटात २० पट विशालनाचा फारसा लाभ होत नाही. पहाटेची थंड हवा दूरच्या निरीक्षणास अधिक अनुकूल असते.

शिकारीतील उपयोग

शिकारीला परवानगी असलेल्या देशांत द्विनेत्री दुर्बीण हे सुरक्षिततेचेही साधन मानले जाते. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून एखादी अनोळखी हालचाल न्याहाळणे म्हणजे त्या दिशेने बंदूक रोखणे होय. झुडपामागे माणूस असल्यास ते जीवघेणे ठरू शकते. म्हणून आधी हातातील दुर्बिणीने लक्ष्याची व त्यामागील परिसराची खात्री करावी, असे शिकारविषयक प्रशिक्षणात शिकवले जाते. अनेक ठिकाणी प्राण्याची जात, लिंग, वय किंवा शिंगांची रचना यांवर कायदेशीर अटी असतात. त्यामुळे चुकीची ओळख हा केवळ निष्काळजीपणा राहत नाही, तर गुन्हाही ठरू शकतो.

भूप्रदेशानुसार निवड बदलते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या डोंगराळ प्रदेशात शिकारी एका जागी बसून समोरचे उतार तासन्‌तास न्याहाळतात. तेथे १०×४२ गळ्यात आणि १५×५६ ट्रायपॉडवर अशी जोडी प्रचलित आहे. मध्य युरोपात मचाणावरून पहाटे वा संध्याकाळी मंद प्रकाशात पाहण्यासाठी ८×५६ पसंत केली जाते. दाट जंगलात अंतर कमी व हालचाल जलद असल्याने ७ ते ८ पट विशालन पुरते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे येथे या दुर्बिणींचा उपयोग मुख्यतः निरीक्षणासाठी होतो. नांदूर मध्यमेश्वर किंवा जायकवाडीच्या जलाशयावरील दूरचे बदके व करकोचे, ठाणे खाडीतील रोहित पक्षी आणि सह्याद्रीच्या कड्यांवरील गिधाडे पाहताना उच्च विशालन उपयोगी पडते. भीमाशंकरच्या दाट झाडीत शेकरू पाहण्यासाठी मात्र ८ पट दुर्बीण अधिक सोयीची असते.

निवडीचे इतर निकष

काच व लेप: लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशा १० पृष्ठभागांतून जाताना जवळपास एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असलेली दुर्बीण म्हणूनच अधिक उजळ दिसते. कमी अपस्करणाच्या काचेमुळे वस्तूच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी होते. विशालन जास्त असताना हा दोष अधिक खटकतो.

चष्मा वापरणारे: संपूर्ण दृष्टिक्षेत्र दिसण्यासाठी नेत्रिकेपासून डोळा ठेवण्याचे अंतर किमान १५ मिमी असावे. नेत्रिकेवरील रबरी कडा खाली वळवता किंवा फिरवून आत घेता येणे आवश्यक असते.

जलरोधकता: नायट्रोजनसारखा कोरडा वायू भरून बंद केलेल्या दुर्बिणीत आतील बाजूस बाष्प साचत नाही. कोकण-सह्याद्रीतील पावसाळी व दमट हवेत भिंगांवर बुरशी धरू नये यासाठी हा गुण महत्त्वाचा आहे.

वजन: १०×४२ दुर्बिणीचे वजन सामान्यतः ६५० ते ८५० ग्रॅम असते, तर १५×५६ चे वजन १ किलोग्रॅमहून अधिक भरते. दीर्घ पायपिटीत ट्रायपॉडचे वजनही मोजावे लागते.

झूम दुर्बिणी: बदलत्या विशालनाच्या दुर्बिणीत दृष्टिक्षेत्र अरुंद असते आणि दोन्ही नळ्यांचे विशालन तंतोतंत समान राखणे अवघड असते. लहान वस्तुभिंग असूनही १०० पट विशालनाचा दावा करणाऱ्या स्वस्त दुर्बिणींची प्रतिमा अंधूक असते. बहुधा तो दावाही अवास्तव असतो.

खरेदीपूर्व तपासणी

दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजेडाकडे वळवल्यास नेत्रिकेत प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतात. ती पूर्ण गोल असावीत. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्यास लोलक कमी प्रतीचे असण्याची शक्यता असते. त्यानंतर दोन नळ्यांमधील अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवावे. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने प्रतिमा स्पष्ट करावी, मग उजव्या डोळ्यासाठी उजव्या नेत्रिकेवरील चकती फिरवावी (चकती डाव्या बाजूस असल्यास क्रम उलटा करावा). इतके करूनही प्रतिमा दुहेरी दिसत असेल किंवा काही मिनिटांत डोळ्यांवर ताण येत असेल, तर दोन्ही नळ्या समांतर नसण्याची शक्यता असते. शक्य असल्यास दुकानाबाहेर, संधिप्रकाशात दूरची वस्तू पाहून दोन-तीन दुर्बिणींची तुलना करावी.

सुरक्षितता

कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये. वस्तुभिंगाने एकवटलेल्या सूर्यप्रकाशामुळे क्षणार्धात दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते, आणि दृष्टिपटलात वेदना जाणवत नसल्याने ती त्या वेळी लक्षातही येत नाही. सूर्यनिरीक्षणासाठी दोन्ही वस्तुभिंगांच्या पुढे प्रमाणित सौर गाळण्या बसवणे आवश्यक आहे.