जीपवर ठेवलेले बदक

वाहनतळावर उभी असलेली एखादी जीप आवडली, की तिच्या दाराच्या मुठीवर, आरशावर किंवा बॉनेटवर छोटेसे रबरी बदक ठेवायचे आणि आपल्या वाटेने निघून जायचे, अशी प्रथा अमेरिका आणि कॅनडातल्या जीपमालकांमध्ये रूढ आहे. सोबत कधी एखाद्या ओळीची चिठ्ठी असते, कधी तीही नसते. देणारा बहुधा अनोळखीच राहतो. मिळालेली बदके मालक डॅशबोर्डवर काचेमागे ओळीने मांडतात. ‘डकिंग’ किंवा ‘डक डक जीप’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा २०२० सालची आहे. ती इतक्या लवकर रुजली याचे कारण मात्र जीपच्या जुन्या इतिहासात आहे.

जीपचा जन्म युद्धासाठी झाला. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला चारही चाकांना ताकद मिळणारी हलकी टेहळणी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. १९४५ मध्ये विलीजने नागरी वापरासाठी ‘सीजे-२ए’ बाजारात आणली आणि ती शेतावर राबू लागली. महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४७ मध्ये. महाराष्ट्राच्या गावोगावी ‘जीप’ हा शब्द पोचला तो याच गाड्यांमुळे.

अमेरिकेत लवकरच जीप हौसेचेही वाहन झाली. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनहून मार्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने जीपचा तांडा नेला. ‘जीपर्स जँबोरी’ या नावाने तो पुढे दरवर्षी निघू लागला. यूटा राज्यातल्या मोअबमध्ये १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीप सफारी भरते. अशा वाटांवर एकट्याने जाणे धोक्याचे असते. चाक खडकांत अडकले, आस तुटला किंवा गाडी चिखलात रुतली, तर मागून येणाऱ्याने दोर टाकून किंवा विंच लावून बाहेर काढायचे. तिथे ओळख विचारत बसायला वेळ नसतो. समोरून जीप आली की स्टिअरिंगवरचा हात उचलून सलाम करायचा, ही ‘जीप वेव्ह’ याच आपलेपणाची रोजच्या रस्त्यावरची खूण. बदकाची भेट याच सलामाची पुढची पायरी म्हणावी लागते.

ही पायरी घडली ती कटू प्रसंगातून. २०२०च्या उन्हाळ्यात करोनामुळे अमेरिका-कॅनडा सीमा अनावश्यक प्रवासासाठी बंद होती. अमेरिकी नंबरप्लेटची गाडी दिसली की कॅनडात लोक संशयाने पाहत. अ‍ॅलिसन पार्लमेंट ही मूळची कॅनेडियन, पण अलाबामात राहणारी स्त्री तेव्हा आपली जीप घेऊन ओंटारिओत आली होती. पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसाने तिची नंबरप्लेट पाहून तिला धक्काबुक्की केली आणि परत जायला बजावले. त्यानंतर बँक्रॉफ्ट गावात तिने रबरी बदकांची पिशवी घेतली. ज्या मैत्रिणीकडे उतरली होती तिच्या घरात ती लपवून गंमत करावी, एवढाच विचार होता. पण बाहेर एक जीप दिसली आणि तिची स्तुती करणारी चिठ्ठी लिहून तिने एक बदक त्या गाडीवर ठेवले. गाडीच्या मालकाने तिला पाहिले, तो हसला आणि हा प्रसंग समाजमाध्यमांवर टाकण्याचा आग्रह त्याने धरला. परक्याकडून अपमान झालेला असताना परक्यालाच भेट द्यावीशी वाटली, हे या प्रथेचे मर्म आहे.

पुढचा प्रसार झपाट्याने झाला. लोक एकमेकांपासून अंतर राखून वावरत होते. अशा काळात समोरासमोर न येता देता येणारी, थोड्याशा पैशांत मिळणारी ही भेट नेमकी सोयीची ठरली. शिवाय जीपच्या रँग्लर या मॉडेलची रचनाही मदतीला आली: बाहेर आलेली दाराची मूठ बदक अडकवायला सोपी, आणि उभी पुढची काच व सपाट डॅशबोर्ड ते मांडायला सोयीचे. साध्या पिवळ्या बदकांबरोबर समुद्री चाच्यांच्या, सैनिकांच्या, डॉक्टरांच्या वेशातली बदकेही देवाणघेवाणीत आली. फोर्ड ब्रॉन्को परत बाजारात आल्यावर तिच्या काही मालकांनी एकमेकांना खेळण्यातले छोटे घोडे द्यायला सुरुवात केली.

जीप कंपनीला या प्रथेची दखल घ्यावीच लागली. सप्टेंबर २०२२ मधल्या डेट्रॉइट वाहन प्रदर्शनात जीपने सुमारे ६१ फूट उंचीचे फुगवलेले बदक उभे केले.

प्रथेबरोबर काही जबाबदाऱ्याही येतात. डॅशबोर्डवर सुटी ठेवलेली बदके जोरात ब्रेक लागल्यास उडतात. एअरबॅगच्या झाकणावर तर ती ठेवूच नयेत. डोंगरवाटांवर टाकलेले बदक म्हणजे प्लास्टिकचा कचराच, म्हणून ही भेट वाहनतळावरच शोभते.

अ‍ॅलिसन पार्लमेंट यांचे जून २०२४ मध्ये निधन झाले. कंपनीने पुढे या प्रथेचा कितीही उत्सव केला, तरी तिचे श्रेय त्यांचे आणि त्यांच्यामागून बदके ठेवत गेलेल्या असंख्य अनामिक जीपमालकांचे आहे.