आधी जामीन, मग पंच

१९ जानेवारी १९६१ रोजी हॉलंडची एकेयू कंपनी आणि तिची पश्चिम जर्मनीतली जोडीदार यांनी कल्याणजवळ शहाडला असलेल्या, बिर्लांच्या सेंच्युरी रेयॉनशी करार केला. टायरमध्ये घालायच्या रेयॉन दोऱ्याचे तंत्र त्यांनी द्यायचे, सेंच्युरीने त्याचे एक लाख चाळीस हजार जर्मन मार्क मोजायचे आणि तंत्र गुप्त राखायचे, असा सौदा होता. पुढे या दोऱ्याच्या विभागातला एक शिफ्ट सुपरवायझर नोकरीचा करार मोडून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. सेंच्युरीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला आणि १९६७ साली तो सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. मालक आणि नोकर दोघेही इथलेच, म्हणून कल्याणचे कोर्ट चालून गेले. तंटा डच कंपनी आणि शहाड यांच्यात झाला असता तर? डचांना कल्याण परके आणि बिर्लांना हॉलंड परके. अशा सौद्यांत दोघांनाही सोसेल असा पंच आधीच ठरवून ठेवतात, आणि त्याचा निवाडा दुसऱ्या देशातही वसूल व्हावा म्हणून १९५८ चा न्यूयॉर्क करार झाला. भारताने तो १९६० मध्ये पक्का केला आणि १९६१ मध्येच परदेशी निवाड्यांचा कायदा केला.

हाच आंतरराष्ट्रीय लवाद. त्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेली ज्येष्ठ मंडळी बोलायला लागली की एक हळहळ हटकून ऐकू येते. पूर्वी लवाद म्हणजे चार जाणत्यांनी बसून मिटवलेली गोष्ट होती. आता वकिलांच्या फौजा, हजारो पानांची कागदपत्रे, तारखांवर तारखा, आणि शेवटी पुन्हा कोर्टच. लवादाला कोर्टाची बाधा झाली, असा त्याचा मथितार्थ. बाधा झाली आहे हे खरे. पण त्याआधी लवाद निव्वळ संमतीवर निरोगी जगत होता, हे मात्र आपल्या इथल्या कागदांवरून सिद्ध होत नाही. पंचाच्या शब्दामागे कुणाचा तरी हात लागतोच. तो कुणाचा आणि तंट्याच्या कोणत्या टप्प्यावर लागतो, एवढेच काळानुसार बदलत आले आहे.

कल्याण सुभ्यात पेशव्यांचा अंमल होता तेव्हाची पद्धत पाहू. अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे वादी आणि प्रतिवादी, पंचांसमोर यायचे ते हात हलवत नव्हे. आधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत: पंच सांगतील ते मान्य. मग जामीन, म्हणजे शब्द फिरवला तर तिसरा माणूस अडकला. त्यानंतर तकरिरा (दोघांची निवेदने), साक्षी, कागद, आणि क्वचित दिव्यही. निकाल लागला की जिंकणाऱ्याच्या हाती निवाडपत्र पडे आणि हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत. मी हरलो, या वतनावर माझा हक्क नाही, पुन्हा कटकट करणार नाही, असे त्याने स्वतःच लिहून द्यायचे. आजच्या कुठल्याही लवाद संस्थेच्या नियमांत इतकी धूर्त युक्ती नाही. जिंकणारा सरकारला हरकी नावाची रक्कम भरे, हरणारा गुन्हेगारी नावाचा दंड. म्हणजे पंच गावचे असले तरी निकालात सरकारचा पैसा गुंतलेला होता. दुर्लक्ष करून सरकारला चालण्यासारखे नव्हते.

यावर कुणी म्हणेल, वतनाच्या तंट्याचे ठीक आहे. साध्या देण्याघेण्यात सरकार कुठे होते? तिथे तगादा होता. इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात त्याचे वर्णन केले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. तो वरचढ असेल तर सावकाराने त्याच्या उंबऱ्यावर लोळण घ्यायची, दारात उपाशी बसायचे. याच अहवालात पंचायतीचे दोषही आहेत: पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना मेहनताना नाही, कुणाला हजर करण्याचा अधिकार नाही, निकाल रेंगाळतो. तरीही ती टिकवावी असे एल्फिन्स्टनला वाटत होते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनमध्ये लवादाला जागाही मिळाली. पण नव्या इंग्रजी राज्यात धरणे आणि तगादा हे गुन्हे ठरत गेले, जुने कारभारी गेले, आणि जामीन घेऊन वसुली करणारी यंत्रणा कोर्टाच्या हाती गेली. पंचायत कोर्टाच्या स्पर्धेत हरली असे सांगण्याची रीत आहे. मला वाटते, तिचे दात आधी काढले गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन राष्ट्रांच्या डोक्यावर तर कुणीच सरकार नाही, तरी हेगचा लवाद चालतोच ना? मराठी माणसाला यातला एक खटला पाठ असतो. मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी उडी मारली, फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले, आणि फ्रान्स व ब्रिटन यांनी तो वाद हेगला नेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: हवाली करताना चूक झाली, पण कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. चार-पाच महिन्यांत सगळे आटोपले आणि दोन्ही राष्ट्रांनी निकाल मानला. मात्र त्या निकालाने कुणाला काही करावेच लागले नाही. कैदी होता तिथेच राहिला. ज्याच्या जन्मठेपेचा प्रश्न होता तो या वादात पक्षकारही नव्हता. उलट निकाल लागता तर ब्रिटनने कैदी परत केला असता की नाही, ही कसोटी लागलीच नाही. व्यापाऱ्यांच्या आपसातल्या लवादाबद्दल मात्र मी मागे हटतो. बाजारातल्या पंचांचा निकाल झुगारणाऱ्याशी उद्या कुणी सौदा करणार नसेल, तर बेलिफाची गरज पडत नाही. तिथे हात बाजाराचा असतो.

दूरदेशच्या दोन कंपन्यांमध्ये असा एक बाजार नसतो. मग काय होते ते बिर्लांच्याच दुसऱ्या कंपनीने दाखवले. रेणुसागर पॉवरने १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून वीज केंद्राची सामग्री घेण्याचा करार केला. पैशांवरून तंटा झाला आणि १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या बाजूने निवाडा झाला. १९८८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वसुलीयोग्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द ऑक्टोबर १९९३ मध्ये आला. पंचांचे काम संपल्यावर सात वर्षे. ज्येष्ठांची हळहळ अशाच प्रकरणांतून येते आणि ती रास्त आहे. त्यावर त्यांचे औषध मात्र कोर्ट दूर ठेवण्याचे असते, आणि तिथे माझे त्यांच्याशी जमत नाही. कोर्टाला पुरते दूर ठेवले असते तर जनरल इलेक्ट्रिकच्या हाती निव्वळ कागद उरला असता. पेशवाईत जोर निकालाआधी लावला जाई, जामीन घेऊन. आपण तो निकालानंतर लावतो, आणि हरणाऱ्याला मधली सगळी वर्षे मोकळी सोडतो.

१९९६ च्या लवाद कायद्याने तर हे टोकाला नेले. निवाड्याविरुद्ध कलम ३४ खाली अर्ज दाखल झाला की वसुली आपोआप थांबे, एक पैसाही जमा न करता. याचा फटका वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत उभारलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीला बसला. सरकारी संस्थांविरुद्ध निवाडे जिंकायचे, आणि पैसे मात्र अर्जाखाली अडकलेले. २०१५ च्या दुरुस्तीने आपोआपची स्थगिती काढली, २०१९ च्या दुरुस्तीने जुन्या प्रकरणांपुरती ती परत आणली, तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने स्थगिती परत आणणारे ते २०१९ चे कलम रद्द केले. आता स्थगिती हवी असेल तर हरणाऱ्याने ती वेगळी मागायची, आणि पैशाचा निवाडा असेल तर रक्कम भरा किंवा हमी द्या, असे कोर्ट त्याला सांगू शकते. जामीन परत आला आहे, पंच उठून गेल्यानंतर का होईना.