सँडब्लास्टिंग पेटी, घरगुती

गंजलेल्या किंवा रंग चढलेल्या सुट्या भागांवर दाबाच्या हवेने अपघर्षक कणांचा मारा करून ते साफ करण्याची बंद पेटी. या प्रक्रियेचे पेटंट अमेरिकेच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतले.

नावात वाळू असली, तरी पेटीत वाळू कधीही भरू नये. तिच्या सिलिकायुक्त धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो; ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव भागांच्या सफाईत वाळू वापरण्यास बंदी घातली. गंजासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट, तर कार्ब्युरेटरसारख्या मऊ धातूच्या भागांसाठी बारीक काचमणी घ्यावेत.

खरी निवड पेटीची नव्हे, कॉम्प्रेसरची असते. घरगुती पेट्या बहुधा शोषण पद्धतीच्या असतात: गनमधून वेगाने जाणारी हवा तळातील कण नळीतून वर ओढते. ३ मिमी हवाछिद्राला ८० पीएसआय दाबावर मिनिटाला सुमारे १५ ते १८ घनफूट हवा लागते. १–२ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर इतकी हवा देऊ शकत नाही. टाकी रिकामी होते आणि पुनःपुन्हा थांबावे लागते. छिद्र झिजून दीडपट रुंदावले, तर हवेची गरज सव्वादोनपट होते.

हवेतला ओलावा कणांचे गोळे करून नळी तुंबवतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर, हवा थंड झाल्यावर म्हणजे पेटीजवळ, बसवावा. पेटीला धूळशोषक व अर्थिंग हवेच. भाग आत ठेवण्यापूर्वी तेल-ग्रीस पुसावे. पेटीत पाहण्याच्या काचेवरची संरक्षक फिल्म अंधुक होताच बदलावी.