शाळूचा माग

सोलापूरच्या घरांतील पंचांग भिंतीवर असते, त्याहून अधिक चुलीवर असते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील होते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळे कुटुंब डबे घेऊन शेतात जाते, संक्रांतीच्या आसपास कडक भाकऱ्यांच्या चवडी लागतात आणि पुढे थंडी असेपर्यंत हुरडा. भोगीचा एक दिवस बाजरीला दिलेला असतो. बाकी वर्ष ज्वारीचे, त्यातही रब्बीच्या शाळूचे. हे इतके अंगवळणी पडले आहे की ज्वारी या काळ्या मातीतच जन्मली असावी असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पाहुणी आहे. तिचा माग काढायचा तर आपल्याला सोलापुरातून निघून आधी सुदानला जावे लागते.

पूर्व सुदानमध्ये कसाला गावाच्या परिसरात उत्खननात मिळालेल्या खापरांवर धान्याच्या कोंड्याचे ठसे उमटलेले आहेत. हे ठसे रानटी नव्हे, तर माणसाने निवडून पेरलेल्या ज्वारीचे आहेत असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यांचा काळ इ.स.पूर्व ३००० च्याही थोडा आधीचा. तेथून समुद्रमार्गे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ही ज्वारी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागात पोहोचली असे मानतात. त्या सुमारास आणि त्यानंतरही भीमेच्या खोऱ्यात माणसे काय खात होती? भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे मुख्य धान्य निघाले सातू, म्हणजे जव. त्यासाठी त्यांनी पुराचे पाणी वळवणारा पाटही खोदला होता. आपल्या भाकरीचा हा विस्मृतीत गेलेला पूर्वज. आज सातूचे पीठ प्रवासात कालवून खाण्यापुरते उरले आहे. एके काळी हा मुलूख त्याच्यावर जगत होता, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

सातूची गादी ज्वारीकडे नेमकी कोणत्या शतकात गेली हे सांगणारा शिलालेख नाही, पण ती का गेली याचे उत्तर सोलापूरची जमीन देते. येथे वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याचा भरवशाचा भाग सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. खोल काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या वाफशावर शाळू पेरला की पुढे चार महिने आभाळाकडे न पाहताही तो नुसत्या ओलीवर आणि दवावर येतो. जव पाट मागतो, शाळू मागत नाही. जेथे पाट काढण्याजोगी नदी प्रत्येक शेताशेजारून वाहत नाही, तेथे हा फरक निर्णायक ठरला असणार.

आता आपण बाराव्या शतकात येऊ. सोलापूर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होते. त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे साग्रसंगीत वर्णन आहे, मांडे आहेत, वडे आहेत, आजच्या इडलीची पणजी शोभावी अशी इडरिकाही आहे. रयतेच्या तव्यावरचे वर्णन करायला मात्र कोणी राजा बसला नाही. त्याच शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, शिवयोगी सिद्धरामांनी तलाव खोदवला, आणि मंगळवेढ्यावरून कलचुरी बिज्जळाचा कारभार चालला. सिद्धरामांची गड्ड्याची यात्रा आजही संक्रांतीला भरते. रानात शाळू निसवून दाणा भरण्याच्या बेतात असतो, तेव्हा शहरात नंदीध्वज निघतात.

मंगळवेढ्याची काळी जमीन ही शाळूची खरी राजधानी. ते धान्याचे कोठार होते याची साक्ष दामाजीपंतांच्या कथेत सापडते. इ.स. १३९६ पासून सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनने पिढ्यान् पिढ्या जपली. त्यानंतरच्या, पंधराव्या शतकातील दुष्काळात बहामनी सुलतानाचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्याचे मोल भरले, अशी ही कथा. भक्त तिच्यात विठोबाला पाहतो. मागोवा घेणाऱ्याची नजर मात्र त्या कोठारांवर थबकते. धान्य साठवण्यासाठी या भागात पेवे असत. कोरड्या जागी माणूस उतरेल एवढा खोल खड्डा, आतून कडब्याचे आणि पाचटाचे अस्तर, तोंड मातीने लिंपलेले. एका सुगीची ज्वारी पुढच्या दुष्काळापर्यंत राखणारी ही व्यवस्था होती, आणि दुष्काळ येणार हे तिच्यात गृहीत धरलेले होते.

येथे थोडे थांबून ताटातील दुसऱ्या मानकऱ्याकडे पाहायला हवे. भाकरीशेजारची शेंगाचटणी सोलापूरची म्हणून सगळीकडे विकली जाते. तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि मिरचीही अटलांटिकपलीकडचीच. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. म्हणजे दामाजीपंतांच्या काळातील भाकरीबरोबर ही चटणी असणे शक्यच नव्हते. तिखटपणाला मिरे होते, पण ते रोजच्या गरिबाच्या भाकरीवर कुठून असणार? उखळात कुटून दाण्याचे तेल सुटलेली, लसणाची ती लालभडक चटणी आपण परंपरेच्या खात्यात जमा करतो. ती भाकरीच्या मानाने कालची आहे.

पुढचे वळण दुष्काळानेच आणले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच काळात, १८७७ मध्ये, शहरात जुनी गिरणी उभी राहिली आणि रानातली माणसे भोंग्याच्या वेळेवर जगू लागली; भाकरी न्याहारीतून डब्यात गेली. दुष्काळ मात्र पुन्हा पुन्हा येत राहिले. अखेर १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, खोल मशागत, ओळींतील अंतर वाढवून विरळ पेरणी अशा पद्धतींचा तेथे अभ्यास झाला. मुरलेली ओल पिकाला शेवटपर्यंत कशी पुरवायची, हा सगळ्यांमागचा एकच प्रश्न. त्याच दशकात शेजारच्या मोहोळच्या केंद्रात शेतकऱ्यांच्या मालदांडी वाणातून निवड करून एक ओळ वेगळी काढण्यात आली. तिला नाव मिळाले मालदांडी ३५-१. मोत्यासारखा टपोरा दाणा, गोडसर भाकरी आणि माणसाच्या डोक्यावर जाणारे ताट. नव्वदेक वर्षांनंतरही रब्बी ज्वारीत मालदांडी म्हणजे मापदंड. सरकारी केंद्रातून बाहेर पडलेल्या फार थोड्या वस्तू इतक्या निमूटपणे ‘आजीच्या हातच्या’ होऊन बसल्या असतील.

या मापदंडाला दोन वेळा आव्हान मिळाले. १९६४ मध्ये भारतातील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. खरिपात तिने उत्पन्न वाढवले, पण रब्बीच्या ओलीवर असल्या बुटक्या संकरितांची मात्रा चालली नाही आणि ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगाव बेचव या अर्थाने वापरला जाऊ लागला. दुसरे आव्हान १९७२ चे. त्या दुष्काळात खडी फोडून परतलेल्या माणसांच्या घरात रेशनवरची मिलो आली, लालसर, अमेरिकेहून आलेली. तिची भाकरी थापताना चिरायची, हे सांगणारी माणसे आजही आहेत. खरे तर मिलो म्हणजे ज्वारीच. आफ्रिकेतून निघून अटलांटिकपलीकडे गेलेली आणि तेथे मुख्यतः जनावरांचे खाद्य झालेली. एकाच कुळातल्या दोन बहिणी हजारो वर्षांनी सोलापूरच्या परातीत समोरासमोर आल्या आणि घरच्या बाईने पाहुणीला ओळखच दिली नाही. त्या मिलोने अनेकांचे प्राण वाचवले, हेही नोंदवायला हवे.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जेथे पाणी गेले तेथे ऊस आला. ज्वारीची शेते मागे सरली. उरली ती मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी यांच्या कोरडवाहू पट्ट्यांत. तेथे घर आणि शेत यांची गाठ अजून येळवशीला दिसते. वेळ अमावस्येचे हे बोलीतले नाव. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीपर्यंत हा सण पसरलेला आहे. आदल्या दिवसापासून आंबील आंबायला ठेवलेली असते. ज्वारीच्या पिठाचे उंडे, हरभरा-तूर-वाटाण्याचे ओले दाणे आणि रानात मिळेल ती पालेभाजी बेसनात शिजवून केलेली भज्जी, शेंगांची पोळी, खीर. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की घरचा कर्ता आंबील शिंपडत उभ्या पिकाला फेरी मारतो आणि मग नातेवाईक, सोबती, वाटेने जाणारा अनोळखी माणूस, सगळे एका पंगतीला. त्या दिवशी लातूर-धाराशिवची गावे ओस पडतात. शाळू तेव्हा पोटरीत असतो किंवा नुकता निसवलेला. कापणीचा नव्हे, वाढत्या पिकाचा हा सण आहे, पिकाला डोहाळे लागल्यासारखा. हुरड्याची आगटी त्यानंतर पेटते: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गूळभेंडी किंवा सुरतीची कणसे, हातावर चोळलेला हिरवा दाणा, जोडीला गूळ आणि तीच कालची चटणी.

गेल्या तीसेक वर्षांत या गोष्टींनी पुन्हा हात बदलले. सणापुरत्या किंवा प्रवासापुरत्या वाळवून ठेवायच्या कडक भाकऱ्या आता बचत गटांच्या बायका पुण्या-मुंबईकडे पाठवतात. पूर्वी ज्या घरात भाकरी न येणे हा सुनेचा कमीपणा होता, तेथे ती पाकिटातून येते, आणि थापणाऱ्या बाईला तिचे पैसे मिळतात. मला यात तक्रार करण्याजोगे काही दिसत नाही. हुरडाही तिकीट लावून मिळू लागला. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि गरिबाची भाकरी डॉक्टरांच्या चिठ्ठीतून श्रीमंताच्या ताटात पोहोचली.

तरीही शाळू अजून पेरला जातो त्याचे अर्धे श्रेय दाण्याचे नाही. ते कडब्याचे आहे. दारची बैलजोडी आणि म्हैस उन्हाळ्यात त्याच्यावर जगते, म्हणून मालदांडीचे उंच ताट हायब्रीडला पुरून उरले. आता काढणीला माणसे मिळत नाहीत. शाळू मुळासकट हाताने उपटायचा असतो आणि ते काम मान-पाठ एक करणारे आहे. यंत्राने कापायचा तर ताट बुटके आणि एकसारखे हवे. संशोधक तसे वाण शोधत आहेत. शेतकरी वाण निवडताना दाण्याबरोबर कडबा किती निघेल हे विचारतो, आणि ज्याच्या गोठ्यात आता जनावर नाही तो विचारत नाही. मालदांडीची पुढची उंची या दोघांपैकी कोणाची संख्या वाढते यावर ठरणार आहे.