इझुमोच्या देवळाची उंची

जपानच्या शिमाने प्रांतात, समुद्राजवळ, इझुमो ताइशा हे शिंतो देवस्थान आहे. १८७१ पर्यंत ते किझुकी या नावाने ओळखले जाई. आजचे मुख्य देऊळ १७४४ सालचे. त्याची उंची सुमारे २४ मीटर, म्हणजे जुन्या जपानी मापाने आठ ज्यो. देवस्थानाची परंपरा मात्र सांगते, की पूर्वी हे देऊळ सोळा ज्यो उंच होते आणि त्याच्याही आधी बत्तीस. बत्तीस ज्योंना, म्हणजे ९६ मीटरना, कसलाच आधार नाही. ती आख्यायिका म्हणून बाजूला ठेवता येते. सोळा ज्यो म्हणजे ४८ मीटर. लाकडी खांबांवर तोललेली पंधरा मजली उंची. हेही अशक्यच वाटते, पण इथे बाजू मांडायला कागद हजर आहेत. ते नेमकी कशाची साक्ष देतात, हे एकेक करून पाहावे लागते.

सर्वांत जुनी साधने आठव्या शतकातली. ‘कोजिकी’ (७१२) आणि ‘निहोन शोकी’ (७२०) हे दोन्ही ग्रंथ राजदरबारात तयार झाले. त्यांतली कथा अशी: ओकुनिनुशी या देवाने भूमीवरचा आपला अधिकार सूर्यदेवीच्या वंशजांना सोडून दिला आणि त्या बदल्यात त्याला भव्य प्रासाद मिळाला. खडकापर्यंत रोवलेले खांब आणि स्वर्गापर्यंत चढवलेल्या तुळया हे ‘कोजिकी’तले वर्णन वाचून उंचीचा पुरावा सापडला असे वाटते, पण त्याच ग्रंथात दुसऱ्या प्रासादांसाठीही हेच शब्द आले आहेत. तो ठरीव वर्णनाचा साचा आहे, मोजमाप नव्हे.

७३३ साली तयार झालेला ‘इझुमो फुदोकी’ हा इझुमो प्रांताचा वृत्तान्त जास्त उपयोगाचा आहे. तो स्थानिक पुरोहित-अधिपती इझुमो नो ओमी हिरोशिमा याच्या देखरेखीखाली लिहिला गेला. त्यात प्रांतातल्या ३९९ देवस्थानांची मोजदाद आहे. त्यांपैकी १८४ दरबाराच्या देवकार्य खात्यात नोंदलेली, २१५ नोंद नसलेली. किझुकीबद्दल तो सांगतो, की अनेक देवांनी एकत्र जमून, जमीन चोपून हा प्रासाद उभारला. दरबारी ग्रंथात देऊळ हा सौद्याचा मोबदला आहे, स्थानिक ग्रंथात ते देवांचे सामुदायिक काम आहे. उंचीबद्दल मात्र फुदोकी गप्प आहे.

उंचीचा मुद्दा येतो तो ९७० मध्ये, आणि तोही एका मुलाच्या पाठ्यपुस्तकात. मिनामोतो नो तामेनोरी या विद्वानाने एका सरदारपुत्रासाठी ‘कुचिझुसामी’ हे पुस्तक रचले. आपल्याकडे मुले पाढे म्हणत तसे घोकण्याजोगे त्रोटक तुकडे त्यात आहेत. मोठ्या इमारतींच्या तुकड्यात पहिला क्रमांक इझुमोचा, दुसरा यामातोचा आणि तिसरा राजधानीचा आहे. यामातो म्हणजे नारा इथल्या तोदाइजी मठाचे महाबुद्ध-सभागृह. राजधानी म्हणजे क्योतोच्या राजवाड्यातले मुख्य सभागृह. तोदाइजीची उंची पंधरा ज्यो असल्याची नोंद आहे. मग त्याच्यावर क्रमांक असलेले इझुमो सोळा ज्यो असणार, असा हा हिशेब.

हिशेबात एक कच्चा दुवा आहे. पहिला देव, दुसरा बुद्ध, तिसरा सम्राट: हा क्रम मानाचाही असू शकतो. उलट बाजूने असे म्हणता येते, की त्याच पुस्तकात पुलांचे आणि महाबुद्धांच्या मूर्तींचेही असेच तीन-तीन क्रमांक आहेत आणि तिथे मानापमानाचा प्रश्न नाही, आकाराचाच आहे. तेव्हा दहाव्या शतकात इझुमोचे देऊळ अवाढव्य मानले जात होते, एवढे या पुस्तकावरून धरता येते. सोळा हा आकडा त्यात नाही. तो नंतरच्या अभ्यासकांनी काढलेला आहे.

उंच देऊळ कोसळणारच, म्हणून कोसळल्याच्या नोंदींकडेही पुरावा म्हणून पाहिले जाते. १०३१ मध्ये देऊळ पडल्याची वार्ता राजधानीत पोहोचल्याचे एका दरबारी माणसाच्या रोजनिशीत आहे, आणि पुढची दोन शतके अशा नोंदी पुन्हापुन्हा येतात. पण १०३१ची नोंद वाचताना तिच्यापुढची घटना विसरून चालत नाही. इझुमोच्या प्रांताधिकाऱ्याने देववाणीची जी हकिकत कळवली होती ती खोटी ठरली आणि १०३२ मध्ये त्याला सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. पडझडीची बातमी आली की बांधकामासाठी माणसे आणि साहित्य लागे, करांची चर्चा होई. अशा बातमीत कळवणाऱ्याचाही स्वार्थ असू शकतो.

सर्वांत विलक्षण कागद आहे देवस्थानाच्या सेंगे या पुरोहित घराण्याकडचा एक नकाशा. त्यात तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ मोठी वर्तुळे आहेत आणि प्रत्येक वर्तुळात तीन लहान वर्तुळे. म्हणजे तीन सोट एकत्र धरून, लोखंडी कड्यांनी आवळून केलेला एक खांब; त्याचा व्यास एक ज्यो, तीन मीटर. समोर एक च्यो, म्हणजे सुमारे १०९ मीटर लांबीचा जिना. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातल्या थोर अभ्यासकाने आपल्या ‘तामाकात्सुमा’ या संग्रहात तो छापला. त्यातल्या कितीतरी गोष्टी आपल्याला उमगत नाहीत असे सांगून, पण एकही रेघ न बदलता. विसाव्या शतकात वास्तू-इतिहासकार फुकुयामा तोशिओ यांनी या नकाशाच्या आधारे ४८ मीटर उंचीच्या देवळाची कल्पना मांडली. अनेकांना ती पटली नाही. तीन मीटर जाडीचे खांब खुद्द नकाशावरच शंका उत्पन्न करत होते.

२००० साली देवस्थानाच्या आवारात, मुख्य देवळापुढच्या अंगणात बांधकामापूर्वीचे उत्खनन चालू असताना मातीखाली खांबाचा बुंधा लागला. जपानी देवदाराचे तीन सोट एकमेकांना बिलगून उभे, प्रत्येकाचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास, तिघांचा मिळून जवळजवळ तीन मीटर. खड्डा मोठमोठ्या दगडांनी ठासून भरलेला. पाठोपाठ मध्यखांब आणि आणखी एक खांब मिळाला. मांडणी नकाशाशी जुळली. लाकडाच्या कालमापनातून तेराव्या शतकाचा पूर्वार्ध निघाला. १२४८ मध्ये नवे देऊळ पुरे होऊन देवाची स्थापना झाल्याच्या नोंदी देवस्थानाच्या कागदपत्रांत आहेतच. हे खांब त्याच देवळाचे मानले जातात.

इथे घाई करण्याचा मोह होतो. नकाशा एका बाबतीत खरा ठरला, तेव्हा सगळ्याच बाबतींत खरा, असा. पण बुंध्यावरून जाडी कळते, उंची कळत नाही. शिवाय हे खांब १२४८ च्या देवळाचे. ‘कुचिझुसामी’ त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीचे. आणि नकाशावर जिन्याची लांबी आहे, देवळाची उंची कुठेच लिहिलेली नाही.

नंतरच्या काळात कागद भरपूर आहेत आणि वादही कमी. सोळाव्या शतकात आमागो त्सुनेहिसा या सरदाराने आवारात तीन मजली बौद्ध पागोडा बांधला. १६६७ च्या पुनर्बांधणीच्या वेळी बौद्ध वास्तू हटवून देवस्थान निव्वळ शिंतो करायचे ठरले. मोठे देवदार हवे होते; ते ताजिमा प्रांतातल्या म्योकेन डोंगरावरून आले आणि त्या बदल्यात पागोडा तिकडे गेला. ह्योगो प्रांतातल्या यबू इथे तो आजही उभा आहे. आठ ज्यो हे माप याच पुनर्बांधणीत ठरले आणि १७४४ मध्ये कायम राहिले. नऊ खांबांची चौरस मांडणी, समोरच्या मधल्या खांबामुळे उजवीकडे सरकलेले प्रवेशद्वार, देऊळ दक्षिणमुखी असूनही पश्चिमेकडे तोंड केलेले देवाचे आसन, दर्शनाच्या वेळी टाळ्या दोनऐवजी चार: हे सारे इझुमोचे वेगळेपण आजही पाळले जाते. २००८ ते २०१३ या काळात छपरावरची झाडाची साल बदलून मोठी दुरुस्ती झाली.

देवस्थानाशेजारच्या संग्रहालयात उत्खननात मिळालेल्या त्या तीन-तीन सोटांच्या खांबांपैकी एक ठेवला आहे आणि त्याच्या जोडीला पाच तज्ज्ञांनी केलेल्या १२४८ च्या देवळाच्या पाच प्रतिकृती. खांब तेच, नकाशा तोच, तरी पाचांची उंची वेगवेगळी आहे. तेराव्या शतकात इथे तीन-तीन सोटांच्या खांबांवर एक प्रचंड देऊळ होते, हे आता कुणी नाकारू शकत नाही. सोळा ज्यो हा मात्र अजून अंदाजच आहे आणि तो तसाच लिहिला पाहिजे.