पाव (शब्द)

पाव हे मराठीतील पुल्लिंगी नाम असून मैदा आंबवून भट्टीत भाजलेल्या मऊ खाद्यपदार्थास ते लावले जाते. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. मूळ उच्चार ‘पांव’ असा सानुनासिक आहे. तो व स्पॅनिशमधील ‘पान’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘पानिस’पासून निघाले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे जपानी भाषेतही पावाला ‘पान’च म्हणतात.

स्पॅनिशमध्ये ‘पान’ हा शब्द उपजीविकेचाही वाचक आहे. तेथला कष्टकरी ‘पान’ कमावतो, आपला भाकरी. मराठीने पदार्थ व नाव घेतले, हा व्यापक अर्थ मात्र भाकरीकडेच ठेवला. पाव रोज खाणाराही ‘पोटासाठी पाव कमावतो’ असे म्हणत नाही.

व्युत्पत्तीविषयी गैरसमज

चतुर्थांशदर्शक ‘पाव’ (पाव किलो, पावशेर) हा निराळा शब्द असून तो संस्कृत ‘पाद’पासून आला, सव्वा (सपाद) व पाऊण (पादोन) त्याचेच सोयरे. ‘देव पावला’ यातील क्रियापदाचाही खाद्यपदार्थाशी संबंध नाही. चार तुकडे होतात म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ती निराधार आहेत. दुसरीमागे जुनी अढी असावी. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसई परिसरात, विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या आख्यायिका सांगितल्या जातात. सोवळ्या घरांत पाव दीर्घकाळ वर्ज्य होता. गोव्यात मात्र पाव भाजणारा ‘पोदेर’ गावगाड्याचाच भाग झाला. पीठ आंबवण्यास तेथे माडाची सूर वापरीत.

वापर

अनेकवचन ‘पाव’ असेच राहते. विभक्तीत ‘पावाला’, ‘पावात’ अशी रूपे होतात. सामासिक शब्दाचे लिंग उत्तरपदावरून ठरते: तो वडापाव, ती पावभाजी. या नियमाने ‘मिसळपाव’ पुल्लिंगी ठरतो, तरी बोलताना ‘मिसळपाव खाल्ली’ असेही सर्रास ऐकू येते. हिंदीतील ‘पावरोटी’ ही अर्थाने द्विरुक्तीच होय.

पाव नगावर किंवा लादीवर विकला जातो, वजनावर नव्हे. त्यामुळे ‘पाव किलो पाव’ हे उदाहरण व्याकरणाच्या तासापुरतेच उरते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील मिसळीच्या ठिकाणी तर पावाचे नाव आरंभी घ्यावेच लागत नाही. नुसती ‘मिसळ’ म्हटले की तो गृहीत असतो. नावाने मागितला जातो तो जास्तीचा पाव.